शकूने घर गप्प केलं

आंबिवलीच्या चाळीत राहणारी शकू ओव्हाळ कल्याणच्या एका दवाखान्यात आया होती. तिची मुलगी पायल विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. इंग्रजी उतारे वाचून पायल तीसपैकी सव्वीस मार्क मिळवायची, पण मोबाईलवरचं इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायची वेळ आली की गाडी नऊवर अडकायची.

शकूला वाटलं, घरातल्या आवाजाने पोरीचं लक्ष उडतंय. तिने टीव्ही बंद केला, सरावाच्या वेळी कुकर लावणं सोडलं, शेजारच्या हेमावहिनींना हात जोडून मिक्सर थांबवायला लावला. एका रविवारी तर भर उन्हाळ्यात पंखाही बंद केला आणि स्वतः दारात चिडीचूप बसून राहिली.

पायलने उत्तरं तपासली. पुन्हा नऊच.

"आई, आवाजाचं काही नाहीये गं," ती घाम पुसत म्हणाली. "ऐकू सगळं येतं. पण मला एक वाक्य कळेपर्यंत ती बाई चार वाक्यं पुढे गेलेली असते."

"मग तिला जरा हळू बोल म्हणून सांगता येत नाही?"

"कोणाला सांगू? रेकॉर्डिंग आहे ते. परीक्षेत एकदाच वाजवतात."

शकूने मोबाईल कानाला लावला. बाई हसऱ्या आवाजात भराभरा बोलत होती. त्यातलं 'लायब्ररी' तेवढं शकूला कळलं. दवाखान्यात कुणाला काही हवं असलं की ती धावत जाऊन आणून द्यायची. इथे आणून देण्यासारखं काहीच नव्हतं. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

"परत लाव," एवढंच ती म्हणाली आणि वही घेऊन पायलला वारा घालू लागली.