बाबांना आलेले फोन

शिकायला म्हणून मेलबर्नला आले तेव्हा मला 'नाही' म्हणता येत नव्हतं. आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की 'बघू' म्हणतात, आणि समोरचा काय ते समजून घेतो. इथला सेल्सवाला समजून घेत नाही. शॉपिंग सेंटरच्या मधोमध क्रीमच्या डब्या मांडून बसलेल्या एका बाईला मी 'बघू' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हटलं, तर तिने माझा हात कोपरापर्यंत चोळून काढला आणि दोन डब्या माझ्या गळ्यात मारल्या. सोलरवाला, विजेचा प्लॅन बदला म्हणणारा, टॅक्स बुडवलात म्हणून पोलीस निघालेत असं सांगणारा फोनमधला रेकॉर्डेड आवाज, अशा सगळ्यांच्या तालमीत मी तयार झाले. पुढे पुढे तर समोरच्याने तोंड उघडायच्या आत माझा नकार तयार असायचा. नवरा म्हणायचा, बरं झालं मी तुला आधीच मागणी घातली.

बाबांना यातलं काही जमत नव्हतं, आणि जमावं असं त्यांना वाटतही नव्हतं. वीज मंडळातून रिटायर झालेला साधा माणूस. महामारीच्या पहिल्या वर्षी, विमानं बंद व्हायच्या थोडं आधी, ते नागपूरहून आमच्याकडे मेलबर्नजवळ वेरिबीला आले. आई आली नाही. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून कोण बसेल, म्हणाली. तुम्ही नातीला बघून या, तोवर मी घर सांभाळते. तिला शुगर होती, गुडघे गेले होते, पण माझा धाकटा भाऊ मागच्याच गल्लीत राहायचा, म्हणून कोणी फार विचार केला नाही. बाबा आले त्याच आठवड्यात एक सोलरवाला दारात उभा राहिला, तर बाबांनी त्याला आधी पाणी दिलं. मग तो बोलत राहिला आणि बाबा, अर्धं न कळूनही, मान हलवत ऐकत राहिले. मी आतून येऊन त्याला वाटेला लावलं, तेव्हा बाबा माझ्यावरच नाराज झाले. उन्हातून आलेल्या माणसाशी असं बोलतात का, म्हणाले.

मग सगळंच बंद झालं. बाबांचं परतीचं तिकीट रद्द झालं आणि मुक्काम वाढत गेला. मी एका कौन्सिलच्या कस्टमर सर्व्हिसमध्ये काम करते. लॉकडाऊनमध्ये जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस झालं. हेडसेट लावून दिवसभर लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांच्या आणि पडलेल्या झाडांच्या तक्रारी ऐकायच्या. बाबा काही बोलायला आले की मी बोट वर करायचे, म्हणजे कॉलवर आहे. नवरा वेअरहाउसमध्ये नाइट शिफ्टला, म्हणून दिवसा झोपलेला. मुलगी आयपॅडवर शाळेत. घरात माणसं होती आणि बाबांशी बोलायला कोणी नव्हतं.

आईचा रोज फोन यायचा. तिचा प्रश्न एकच, "कधी येता?" आणि बाबांचं उत्तरही एकच, "निघतोच आता." आई कुरकुर करणारी बाई नव्हती, पण इथे हिवाळा लागला तसा तिचा आवाज बारीक होत गेला. एकटीला घास जात नाही, म्हणायची. बाबांना घरी जायचं होतं. त्या सगळ्या काळात त्यांना दुसरं काहीही नको होतं.

अडकलेल्या लोकांसाठी भारत सरकार मधूनमधून विमानं सोडत होतं. मी बाबांचं नाव नोंदवून ठेवलं होतं आणि नंबर त्यांचाच दिला होता, कारण कामाच्या वेळेत मला स्वतःचा फोन उचलायची परवानगी नव्हती. तिकडून काही येईना. बाबांनी मग अडकलेल्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर आपली अडचण लिहिली आणि खाली नंबर टाकला. प्रोफाइलला फोटो होता तो दीक्षाभूमीवरचा, पांढऱ्या शर्टातला.

दोन दिवसांनी एक फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "जय भीम, काका."

हे दोन शब्द आमच्या माणसाच्या कानाला काय वाटतात, ते बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. इथल्या मराठी लोकांत नवी ओळख झाली की कोणीतरी विचारतंच, तुम्ही मूळचे कुठले? मग आडनाव काय? मग एक छोटीशी शांतता, आणि विषय हवामानावर जातो. ती शांतता मी नागपुरात ओळखायला शिकले आणि मेलबर्नमध्येही ती तशीच्या तशी भेटली. 'जय भीम' म्हटलं की तिची वेळच येत नाही. म्हणणाऱ्याने आधीच सांगून टाकलेलं असतं की तुम्ही कोण ते मला माहीत आहे आणि मीही तोच आहे. गावाकडून शिकायला आलेल्या कितीतरी पोरांना बाबांनी आमच्या दोन खोल्यांत याच दोन शब्दांवर ठेवून घेतलं होतं. त्यातल्या एकानेही त्यांना फसवलं नव्हतं.

तो माणूस रोज फोन करू लागला. आम्हाला ते कळलं नाही. आम्हाला एवढंच दिसायचं की बाबा बॅकयार्डमध्ये फेऱ्या मारत कोणाशी तरी हसून बोलताहेत, आणि मला वाटायचं, चला, कोणी जुना दोस्त सापडला. त्याची आजी म्हणे कामठीची. तो सिडनीला, ब्लॅकटाउनमध्ये राहायचा आणि ट्रॅव्हलचं काम करायचा. काकूंची शुगर किती आली, तुमचं जेवण झालं का, थंडीत कानटोपी घालता ना, सगळं विचारायचा. तिकिटाचा विषय त्याने काढलाच नाही. काढला तो बाबांनी. मग एकेक गोष्ट बाहेर आली. एक खास विमान जाणार होतं, थेट नागपूरला, आणि आपल्या लोकांसाठी त्यात काही सीट धरून ठेवल्या होत्या. बाबांनी पासपोर्टचा फोटो पाठवला, व्हिसाचा पाठवला. आणि मग एके दिवशी घाई सुरू झाली. आजच्या आज टोकन भरा काका, नाहीतर सीट दुसऱ्याला जाईल, मला वरून दम मिळतोय. आणि मुलीला आत्ता सांगू नका. ती इथली झालीय, ती म्हणेल थांबा.

हे शेवटचं बाबांना पटलं, याचा मला पैशापेक्षा जास्त त्रास झाला. पैसे भावाने नागपुरातून भरले, बाबांच्या पेन्शनच्या खात्यातून. बाबांनी त्याला सांगितलं, आपला पोरगा आहे, भरून टाक. आईला काही सांगायचं नाही असंही ठरलं, कारण तिच्या दारात एकदम जाऊन उभं राहायचं होतं.

त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी हेडसेट काढला, तर बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. अंगात कोट, गळ्यात मफलर, पायात बूट, शेजारी बॅग. एअरपोर्टला न्यायला व्हॅन येणार होती. सकाळपासून ते तिथेच होते. दुपारी मी जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाले होते, आणि मी कॉलवर असल्याने वळून बघितलं नव्हतं. कुठे निघालात, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी आनंदाने सगळं सांगितलं. व्हॅन आली की सांगणारच होतो, म्हणाले; आधी सांगितलं असतं तर तू उगाच रजा काढली असतीस.

मी तो नंबर लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. बाबा त्याचीच बाजू घेत राहिले: कुठे अडकला असेल, त्यालाच कोविड झाला असेल, पोरगा एकटा राहतो बिचारा. मी पोलिसांना कळवलं, भावाने बँकेला कळवलं, सगळीकडे लोक सहानुभूतीने बोलले आणि त्यातून काही निघालं नाही. शेवटी माझा तोल गेला. मी ओरडून म्हटलं की तो कामठीचा नाही आणि ब्लॅकटाउनचाही नाही, त्याने तुमचा फोटो बघितला आणि काय म्हणायचं ते ओळखलं. बाबा बराच वेळ मफलरची घडी करत बसले.

"पैशाचं जाऊ दे बेटा," ते म्हणाले. "तो जय भीम म्हणाला होता."

त्या माणसाची मला आजही शिसारी येते. चोराने चोरी करावी, त्याला हजार वाटा आहेत. या वाटेने यायचं कारण नव्हतं. त्यानंतर बाबा फोन उचलून 'जय भीम'ऐवजी नुसतं हॅलो म्हणायला लागले.

आता त्यांना शहाणं करायचं आम्ही मनावर घेतलं. ही शिकवणी माझ्या मुलीने चालवली. तेव्हा ती पहिलीत होती आणि मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच द्यायची. "से इट फास्ट, आजोबा. नॉट इंटरेस्टेड, थँक यू. अँड देन हँग अप." केळं कानाला लावून ती सेल्सवाली व्हायची आणि हाऊ आर यू टुडे, सर, असं लाडिक विचारायची. आधी आधी बाबा फोन ठेवायच्या आधी सॉरी म्हणायचे, समोरच्याच्या घरच्यांची चौकशी करायचे, आणि ती कपाळाला हात लावायची. पण माणूस जात्याच कष्टाळू. महिनाभरात तयार झाले. संध्याकाळच्या जेवणाला आज कोणाला उडवलं याची बातमी असायची: एक इन्शुरन्सवाला, एक इंटरनेटवाली. आम्ही टाळ्या वाजवायचो. घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू येत होतं, आणि मला खरोखर वाटलं की एवढ्या वाईटातून निदान हे एक चांगलं निघालं.

अशाच एका संध्याकाळी बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले की आज पुन्हा विमानवाल्यांचा फोन होता. या वेळी बाई होती, हिंदीत बोलत होती. सीट आहे, आजच्या आज कळवा, म्हणत होती. माझं पूर्ण नाव तिला माहीत, पासपोर्टचा नंबरसुद्धा माहीत. तो फोटो त्या चोराकडे गेलाय ना, तिथूनच गेला असणार. पुन्हा तीच घाई, तेच आजच्या आज. मी सरळ सांगितलं, नॉट इंटरेस्टेड, आणि ठेवून दिला.

मी म्हटलं, शाब्बास बाबा. नवऱ्याने त्यांना आणखी एक भाकरी वाढली. मुलीने हाय फाइव्ह दिला. पासपोर्टवरून त्यांनी लावलेला हिशेब मला इतका बरोबर वाटला की मी कौतुकाने भावालाही फोन करून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आईला ताप आला. त्या दिवसांत नागपुरात बेड मिळणं मुश्किल होतं. भावाने कुठे कुठे हिंडून एका हॉस्पिटलमध्ये तिला दाखल केलं आणि त्याला स्वतःला गेटच्या बाहेरच थांबावं लागलं. मी रजा टाकली आणि नाव नोंदवलं होतं त्या ऑफिसला फोन लावत बसले. खूप वेळाने लागला. बाबा शेजारीच बसले होते, त्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडे एक बाई होती, थकलेली, पण बोलायला चांगली. मी आईचं सांगितलं. तिने बाबांचं नाव विचारलं, यादीत शोधलं, आणि मग तिचा आवाज बदलला.

"मॅम, इनको तो सीट मिली थी," ती म्हणाली. "पिछली फ्लाइट में. मैंने ही कॉल किया था. अंकल ने बोला, नॉट इंटरेस्टेड."

मी काहीतरी बोलत राहिले. गैरसमज झाला, आधी एकाने फसवलं होतं, वय झालंय, असं बरंच काही. ती ऐकून घेत होती. आता पुन्हा नाव मागे गेलंय, मी नोट टाकते, प्रयत्न करते, म्हणाली. मला वाटतं तिने केलाही असेल. ते विमान आई आजारी पडायच्या आधीच दिल्लीला पोचलं होतं. मी फोन ठेवून बाबांकडे बघितलं, तर ते उठून हात धुवायला गेले होते. नळ बराच वेळ चालू होता.

दोन दिवसांनी वॉर्डातल्या एका नर्सने स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल जोडून दिला. आईला ऑक्सिजन लावला होता आणि मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता. केस कोणीतरी विंचरून दिले होते. तिला फसवणुकीचं, व्हॅनचं, कशाचंच माहीत नव्हतं. तब्येत बरी नाही, म्हणून भावाने सगळं लपवून ठेवलं होतं. मला वाटलं बाबा नेहमीसारखं म्हणतील, निघतोच आता. मी मनात म्हणत होते, म्हणा बाबा, खोटं तर खोटं. पण बाबा तिच्याशी कधी खोटं बोललेले नव्हते.

"मला विमानाचा फोन आला होता," ते म्हणाले. "मी नको म्हटलं."

एवढंच बोलले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हाताने मास्क जरा बाजूला केला.

"बरं केलं," ती म्हणाली. "पोरीजवळच राहा. इथं काय आहे आता."

मी फोन ओढून घेतला, आई, ऐक, तसं नाही, म्हणेपर्यंत नर्सला दुसऱ्या बेडवरून हाक आली आणि स्क्रीन काळी झाली. मी परत परत लावला. नर्सने तो उचलला तेव्हा आईला आत आयसीयूत हलवलं होतं आणि तिथे फोन नेता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. नवऱ्यालाच यायचं नव्हतं, असं समजून गेली.