शेवटचा भाग सरोजिनी नगरात

लखनौला लोक इमारती बघायला जातात; मी एका कादंबरीची शेवटची पानं वाचायला गेले. कराडच्या घरी माझ्या प्रतीची ती पानं वाळवीने खाल्ली होती. सत्तावन्नच्या धामधुमीतला एक मराठी स्वार आणि लखनौची मुलगी, यांची ती गोष्ट. तो लढाईला निघतो, ती दारात उभी राहते, आणि पुढे वाळवी. पुस्तक पुन्हा छापलं गेलं नव्हतं. 'इथल्या मराठी मंडळाकडे ती आहे,' असं मावसभाऊ अरुणने पत्रात लिहिलं, आणि मी डिसेंबरचं तिकीट काढलं.

गाडी सहा तास उशिरा पोचली. अरुण रेल्वेत इंजिनियर, त्यामुळे सगळी बोलणी त्यानेच खाल्ली. आलमबागेतल्या त्याच्या घरी सकाळी मक्खन-मलाई (दुधाचा गोड, केशरी फेस) आली. तोंडात घातली की नाहीशी होते. मला आपलं दाताखाली काहीतरी लागतं.

मग बेलीगारद (इंग्रजांच्या जुन्या रेसिडेन्सीला तिथे असंच म्हणतात) पाहिली. भिंतींत तोफगोळ्यांची भोकं अजून आहेत. पुस्तकातली लढाई इथलीच. त्या मुलीचं दार कुठल्या बाजूला असेल, असं मी चौकीदाराला विचारलं.

"वो तो लिखने वाला जाने, बहनजी," तो म्हणाला.

घरी अरुणच्या बायकोने, शुभावहिनीने, खरी अडचण सांगितली. इथली कुटुंबं सतत बदलीवर. एका पुस्तकासाठी किती थांबणार? म्हणून मंडळाने कादंबरी उसवून तिचे चार भाग बांधले होते, चार घरांत एकदम वाचायला. चौथा भाग सरोजिनी नगरच्या जाधववहिनींकडे गेला, तो सात महिने परतला नव्हता.

"त्यांचे मिस्टर फौजेत, फील्डवर आहेत ना, काश्मीरला," शुभावहिनी म्हणाली. "त्या वाचत पण नाहीत, देत पण नाहीत. अकरा घरं लाइनमध्ये आहेत, पर कोई बोलता नहीं."

मी बोलणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कानपूर रोडने टेम्पोतून (तिथली शेअर रिक्षा) गेलो. जाधववहिनी साताऱ्याच्या, अंगणात मटार सोलत होत्या. कराडचं नाव ऐकून हरखल्या. मी सरळ पुस्तक मागितलं. त्यांनी ते देवघरातून आणलं.

"हितंच बसून वाचा," त्या म्हणाल्या. "पण मला शेवट सांगायचा नाही. त्यो स्वार परत येतो का नाही, ते हे घरी आल्यावर बघीन मी."

मी अधाशासारखी वाचू लागले. वीसेक पानांनंतर स्वाराचा घोडा एकटाच परततो. मान वर केली, तर वहिनींचे हात थांबले होते. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. शाळेत शिकवायचे तेव्हा वर्गात पोरांना निकाल तिथेच कळायचा. मला माझीच भयंकर लाज वाटली. मी पुस्तक मिटलं.

"झालं वाचून?"

"नाही. भाऊजी आले की आधी तुम्ही वाचा."

त्यांनी मूठभर मटार माझ्या हातावर ठेवले.

कराडला परतल्यावर सगळ्यांनी इमामबाड्याबद्दल विचारलं. मी मात्र रोज पेपरात आधी काश्मीरची बातमी शोधायचे. इतकी वर्षं त्या स्वारासाठी जीव टांगणीला लावला, पण आता त्याचं काय झालं याच्याशी मला फारसं देणंघेणं उरलं नव्हतं.

मार्चमध्ये पार्सल आलं. आत चौथा भाग आणि चार ओळींचं पत्र: 'हे सुट्टीवर आलेत. आत्ता अंगणात खाटेवर झोपलेत. मी अजून वाचलं नाही, आधी तुम्ही वाचा आणि मंडळाला पाठवा. आता शेवट काही का असंना.'