प्लग देवापुढं, मोटार शिवेपार

मिलमध्ये फिटरची नोकरी करणाऱ्या माणसाला भुताखेतांवर विश्वास ठेवायला सवडच नसते. आमच्या खात्यात एकदा आठ दिवस बाई रडल्याचा आवाज येत होता. अर्धं खातं उदबत्त्या लावू लागलं. मी शिडी लावून वर चढलो, शाफ्टच्या कोरड्या बेअरिंगला तेल पाजलं — बाई गप्प! तेव्हापासून कुणी हडळ-मुंज्याची गोष्ट घेऊन आलं की मी एवढंच विचारतो, ''तेल घालून बघितलं का?''

असा मी. आणि तरीही पुढं लिहितोय ते तीन दसऱ्यांपूर्वी, सोलापुरात, भर दुपारच्या उन्हात, पन्नास माणसांदेखत घडलेलं आहे. (बायको म्हणते, वीस. असू दे.)

मोटार मला दुधनीला मिळाली. तिथल्या एका अडत व्यापाऱ्याचं तेलाचं इंजिन मी रविवारी जाऊन नीट करून दिलं, तर गडी खूश होऊन वखारीमागं बोट दाखवत म्हणाला, ''ते न्या.'' 'ते' म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची, पितळी तोंडाची अमेरिकन मोटार! मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. गंज असा, की नुसता हात फिरवला तर तळवा कुंकवाचा करंडा. चार चाकांपैकी दोन गोल होती. बैलजोडी जुंपून तिसऱ्या दिवशी सोलापुरात, आमच्या सात रस्त्याला पोचलो, तेव्हा अक्कलकोट लाइनवर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणारा माझा दोस्त चाँदभाई रस्त्यातच उभा राहून हसला.

''क्या रे म्हाळू, मोटार लाया या मुर्गी का घर?''

''कोंबडी दुधनीलाच ठेवली चाँदभाई. तुझ्यासाठी जागा रिकामी केलीय.''

आठ महिने! पहिली पाळी करून घरी आलो, दोन घास पोटात ढकलले, की दिवेलागणीपर्यंत मी मोटारीखाली. पिस्टन गंजानं असे धरलेले, की एकवीस दिवस रॉकेल पाजलं तेव्हा कुठं पहिला हलला. पितळ चिंचेनं घासलं. छप्पर पार झडलेलं, तर आमच्या आप्पांनी आपली घोंगडी काढून दिली. सबंध हिंदुस्थानात घोंगडीच्या छपराची मोटार एकच, छातीठोक सांगतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. सारा जन्म मेंढरांमागं चाललेले. दुष्काळात कळप घेऊन पार मुलूख पालथा घातलेला माणूस. आता गुडघ्यांनी दावा मांडला. खाटेवरून उंबऱ्यापर्यंत, बस्स. तीन दसरे ते सीमोल्लंघनाला गेले नव्हते. अक्कलकोटच्या वाटेवर, शिवेपलीकडं शमीचं झाड आहे. आमची आळी तिथं जाऊन सोनं वाटते. मी म्हटलं होतं, पाठीवर नेतो. त्यावर आप्पा असे बघत, की मीच खाली बसावं.

''पोत्यागत जायाचं? त्यापरीस हितंच बरा हाय मी.''

दसऱ्याच्या दिवशी ते तोंड भिंतीकडं करून पडत. म्हणून मोटार! आप्पांनी फेटा बांधून, ताठ बसून, सगळ्या आळीदेखत शीव ओलांडायची, एवढ्यासाठीच ते आठ महिने. बाकी मिरवायची हौस माझी... ती किती, ते विचारू नका.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी इंजिन पहिल्यांदा बोललं. बोललं म्हणजे काय, शिंकलं. चार शिंका, ढगभर धूर, शेजारच्या मागवाल्यांचं वाळत घातलेलं सूत काळं, आणि गप्प. पण शिंकलं ते मेलेलं नसतं, नाही का?

खंडेनवमी आली. आमच्या घरचा रिवाज कडक — कामाची हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, भंडारा, झेंडू. आणि सीमोल्लंघनाहून माघारी येईपर्यंत त्यांना कुणी बोट लावायचं नाही. आप्पांची लोकर कातरायची कातर मधोमध, शेजारी माझे पाने, हातोडी, कानस.

आप्पांनी पाट न्याहाळला. ''मोटारीत समद्यात जास्ती राबतं कोण?''

''प्लग, आप्पा. चार असतात. तेच ठिणगी पाडतात. ते नसले तर चूल हाय, लाकडं हायत, पण काडीच न्हाय.''

''मग त्यास्नी पाटावर का न्हाय बशिवलं?''

आता वडिलांना काय सांगणार? काढले चारही प्लग, घासूनपुसून ठेवले झेंडूत. म्हटलं, उद्या सकाळी आप्पांची मर्जी बघून परवानगी काढू आणि बसवून टाकू.

आणि विसरलो! हसा खुशाल. दसऱ्याच्या सकाळी मोटारीला तोरणं बांधणं, आंब्याचे डहाळे, चाँदभाईला बोलावणं — या गडबडीत डोक्यातून साफ गेलं. दुपारी आप्पा माझ्या खांद्याला धरून बाहेर आले. लाल फेटा, धुतलेलं धोतर, हातात काठी. मागच्या सीटवर बसले आणि आळीकडं असं बघितलं, की संस्थानिकानं झक मारावी. शेजारी माझी बायको गंगू, पुढं चाँदभाई. पोरंटोरं, मागवाले, दळण सोडून आलेल्या बाया... सगळे गोळा. आता मोटार निघाली नाही, तर आप्पा परत आत जाऊन भिंतीकडं तोंड करणार, आणि पुन्हा कधी वळणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

भंडारा उधळला, पुढं जाऊन हँडल धरलं. एरवी दोन्ही हातांनी दात खाऊन फिरवावं लागे. त्या दिवशी ते ताकातल्या रवीसारखं हलकं फिरलं. मी मनात म्हणालो, वा रे फिटर, काय तेल घातलंय!

आणि मोटार सुरू झाली.

शिंक नाही, धूर नाही. वाळल्या पाल्यावरून मोठा कळप चालत जावा, तसा नुसता खसखस आवाज. चाँदभाईनं कान पुढं केला. ''म्हाळू, ये चालू है क्या?'' तोवर आम्ही कोपऱ्यावर वळलोसुद्धा! काय चालली म्हणून सांगू... वाटेतल्या दोन बग्ग्या आणि एक सायकल मागं टाकली. एका बग्गीचा घोडा शिव्या देत होता, मी कानांनी ऐकलं. चाँदभाई ''धीरे, धीरे!'' म्हणत दार धरून बसलेला आणि मागं आप्पा काठीनं माझ्या पाठीला ढोसत, ''पळू दे की लेका!''

शीव ओलांडली. शमीपाशी लोकांनी आप्पांच्या पाया पडून सोनं दिलं. आप्पा गाडीतूनच प्रत्येकाच्या हातावर पानं ठेवत होते. हनुवटी तेवढी हलत होती. इंजिन मी बंद केलं नव्हतं, न जाणो, पुन्हा रुसलं तर?

तेवढ्यात गंगू म्हणाली, ''अवो, घरी गेल्यावर आधी पूजा उचला. तुमच्या त्या चार प्लगांचं तेल माझ्या पाटाला लागलंय.''

मी चाँदभाईकडं बघितलं.

''मजाक मत कर भाभी,'' तो म्हणाला.

''मजाक कशाची? सकाळीच बघितलं की मी. झेंडूत हायत चारी.''

इंजिन आपलं खसखस... खसखस. मी बॉनेटकडं हात नेला, तर मागून आप्पांची काठी मनगटावर बसली.

''हात लावू नगंस. कळप वाटंला लागल्यावर मी मदीच थांबून मोजत हुतो व्हय? घरी चल. तितं मोज.''

परतीचे दोन मैल! येताना मी राजा होतो, जाताना चोर. आता ही विझली तर आप्पांना सगळ्या गावादेखत पाठीवर न्यावं लागणार — ज्यासाठी हे सगळं केलं, नेमकं तेच. चाँदभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. गंगूनं पदर तोंडाला लावलेला. एकटे आप्पा मजेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते.

दारात आलो. इंजिन चालूच होतं. मी आणि चाँदभाईनं दोन्ही बाजूंनी बॉनेट उचललं. चार भोकं. रिकामी — म्हणूनच हँडल इतकं हलकं फिरलं होतं. चार वायरी बाजूला मोकळ्या लोंबत होत्या, मीच सोडलेल्या तशा. आणि पंखा फिरतोय!

''या अल्ला,'' चाँदभाई म्हणाला. मी एकेका भोकात बोट घालून बघितलं.

आप्पा माझ्या खांद्याला धरून खाली उतरले, पितळी तोंडावर हात ठेवला आणि कळप बसवताना काढायचे तसा जिभेनं बारीक आवाज काढला. इंजिन थांबलं.

आत पाटावर चारही प्लग झेंडूत बसले होते, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट.

आता खुलासे. चाँदभाई म्हणतो, तापलेलं इंजिन कधीकधी ठिणगीवाचून चालतं. पण ते थंड होतं, आणि भोकं उघडी होती! आमचे मिलमधले साहेब इंजिनियर ऐकून म्हणाले, उतार असेल. जाताना उतार आणि येतानाही उतार, असला रस्ता मी तरी बघितलेला नाही. बग्गीचा घोडा शिव्या देत होता की नाही, यावर वाटल्यास माझ्याशी वाद घाला. चार भोकांवर घालू नका. ती मी बोट घालून बघितली आहेत.

प्लग बसवल्यापासून मोटार चालते. शिंकते, खोकते, शमीपर्यंत चारदा थांबते, पोरं ढकलतात. पण पोचवते. आप्पा दर दसऱ्याला फेटा बांधून बसतात आणि ती पहिल्यांदा थांबली, की हमखास काठीनं माझ्या पाठीला ढोसतात.

''प्लग काढ की.''

''नको आप्पा.''

''भितूस व्हय?''

मी खाली उतरून निमूट हँडल मारायला लागतो.