अक्काचा चष्मा आणि साखर

मंडळी, आज माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, मंठाळहून बसवकल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ती शिवणकाम करते. दोन महिन्यांत नव्या चष्म्यातूनही अंधुक दिसायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अक्का, तहान लई लागायलीय का? लघवीला सारखं जावं लागायलंय?"

"व्हय. उन्हाळा हाय की!"

"चष्मा राहू द्या. आधी साखर बघू."

अक्का सकाळपासून उपाशीच होती, म्हणून लगेच रक्त दिलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचीही तपासणी केली. दोन्हींत मधुमेह निघाला.

अक्का रडायलाच लागली. "माझी शिलाई संपली!"

"कामून संपंल? डोळे आतून तपासले म्या, चांगले हायेत. साखर आटोक्यात आली की नजर बी स्थिर होईल."

घरी आल्या आल्या अक्कानं मशीनवरचं अर्धं झबलं पुरं केलं.

तुमच्या घरात 'उन्हाळा हाय', 'वयानं होतंय' म्हणून कोण अंगावर काढायलंय?