टायरच्या आतल्या अक्षता

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण इंग्लंडात रीडिंग शहराजवळच्या मोटरवेवरची ती सकाळ अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी गिरकी घेऊन शेजारच्या लेनमध्ये घुसली आणि तिथून ड्युटी संपवून घरी निघालेली एक तरुण नर्स जागीच गेली.

मी तेव्हा ट्रॅफिकमध्ये सार्जंट होतो. इतकी वर्षं पोलिसात काढूनही मला घरातला स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही, असं बायको म्हणते. म्हणून या केसचं श्रेय मी घेत नाही.

गाडी एका मराठी सॉफ्टवेअर इंजिनियरची होती. तो आणि नागपूरहून त्याच्याकडे आलेली त्याची आई, दोघांचंही खरचटण्यावर निभावलं. टायरची नक्षी चांगली खोल होती, पण बाजूवर छापलेला बनावटीचा आकडा वाचला तेव्हा टायर दहा वर्षं जुना निघाला. रबर आतून तडकलेलं.

"गॅरेजवाल्यानेच विकले. मला काय कळतं त्यातलं?" इंजिनियरने जबाबात सांगितलं.

गॅरेजवाला वयस्कर पंजाबी. त्याला स्टेशनवर आणलं, बोललेलं पुराव्यात येईल अशी कॉशन दिली, टेप सुरू केली. हातातलं कडं फिरवत तो म्हणाला, "साहब, मैं टायर बेचता ही नहीं. वो खुद फ्रान्स से लाया था. मैंने बोला भी, पुराने हैं."

"पावती?"

"फिटिंग की क्या पावती, साहब?"

त्या वर्षांत आपली बरीच मंडळी फेरीबोटीने फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅलेला जाऊन टायर आणत. इथल्यापेक्षा तिकडे स्वस्त. मीही बेत केला होता. बायको म्हणाली, "फेरीचं तिकीट, पेट्रोल, वाटेतलं जेवण, आणि वर तू म्हणणार पैसे वाचवले!" बेत तिथेच संपला. म्हणून म्हाताऱ्याचं म्हणणं मला पटत होतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध होता, आणि पावतीवाचून म्हातारा तुरुंगात जाणार असंच दिसत होतं.

मग गाडीच्या तपासणीसाने जोडीचा दुसरा, न फुटलेला टायर रिमवरून उतरवला. "सार्जंट, आत कोणीतरी भात सांडलाय," तो हसत म्हणाला. पाच-सहा दाणे होते. लालसर.

मला हसू आलं नाही. आमच्या आईने माझ्या पहिल्या गाडीवर अशाच मूठभर अक्षता टाकल्या होत्या. टायर एकदा रिमवर चढला की आत दाणा जाणं शक्य नाही. म्हणजे पूजा झाली ती टायर बसवण्याआधी, कुणाच्या तरी घरी; गॅरेजमध्ये नक्कीच नाही.

मी इंजिनियरच्या घरी गेलो. तो ऑफिसात होता. आईंनी चहा टाकला. इथेच वाढल्यामुळे मोडकंतोडकं झालेलं माझं मराठी ऐकूनही त्या खूश झाल्या.

"टायरची पूजा तुम्ही केली का, आई?"

"मीच की! फ्रान्सहून आणले ना त्याने, मागच्या गार्डनमध्ये रचून ठेवले होते. म्हटलं, गाडीला लागण्याआधी अक्षता टाकाव्यात. आपल्यात करतातच ना?"

"करतात," मी म्हणालो आणि चहा प्यायलो.

पुढे रीतसर दुभाषी बोलावून त्यांचा जबाब घेतला. तोच मजकूर, खाली सही. दाणे समोर ठेवल्यावर मुलगा टेपवर रडला. "किती जुने, ते विचारलंच नाही हो. ती मुलगी गेली म्हटल्यावर घाबरलो, आणि म्हाताऱ्याचं नाव तोंडातून निघून गेलं." गॅरेजवाल्याला सोडलं. मुलावर केस उभी राहिली.

केस सुटली, पण माझी चूक राहिली. त्या माउलीला काय विचारतोय आणि का, हे चहाआधी सांगायला हवं होतं. तिने मला घरचा समजून उत्तर दिलं आणि मी ते पोलीस म्हणून खिशात घातलं. तेव्हापासून आधी कारण सांगायचं, मग प्रश्न विचारायचा, हा नियम मी स्वतःला घातला. त्यापायी काही लोक गप्प बसले, काही केसेस हातच्या गेल्या. जाऊ देत.

त्या दिवशी जबाबावर सही झाल्यावर आईंनी विचारलं, "माझ्या बोलण्याने त्याचं वाईट होणार का, साहेब?"

"होणार, आई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या मुलीची आई कुठे राहते? मला नेता का तिच्याकडे?"