पान एकोणीस, ओळ चौथी

आमचे काका विद्यापीठाच्या गणित विभागात टायपिस्ट होते. दुसऱ्याने घडी घातलेला टॉवेलही ते पुन्हा उलगडून घडी घालत. काकू म्हणायची, "यांना ढग दिले तर तेही ओळीत लावतील."

नोकरी करणाऱ्यांना घरबसल्या गणिताची पदवी घेता यावी म्हणून विभागातल्या एक प्राध्यापक बाई पुस्तिका लिहीत. महागडी पुस्तकं नकोत, शहरात खोली नको. पुस्तिका टपालाने फुकट घरी. टाइप करायचे काका. त्यांना गणितातलं ओ की ठो कळत नसे.

एका सिद्धतेत त्यांना लागोपाठ दोन ओळी सारख्याच दिसल्या. बाईंना डुलकी लागली असणार, असं समजून त्यांनी दुसरी गाळली आणि आम्हाला ऐटीत सांगितलंही. फरक एका चिन्हाचा होता: एकीत 'लहान किंवा समान', दुसरीत नुसतं 'लहान'. सगळी सिद्धता त्या फरकावर उभी होती.

काही दिवसांनी एका नर्सचं पत्र आलं. "चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसले. ही पायरी काही केल्या कळत नाही. गणित माझ्यासारखीचं काम नाही. नाव काढून घेते."

काका पत्र घेऊन बाईंकडे गेले, तेव्हा गाळलेली ओळ सापडली. घरी आले ते चेहरा पाडून. "चूक माझी," ते काकूला म्हणाले, "आणि ती बिचारी स्वतःला दोष देतेय." दुरुस्ती सगळ्यांना गेली. तिला त्यांनी वेगळं लिहिलं: "चूक तुमची नव्हती. नाव काढू नका." उत्तर आलं नाही. ते फार लागलं त्यांना.

मग बावन्नाव्या वर्षी काका वही घेऊन बाईंसमोर बसू लागले. जी ओळ त्यांना कळेना, ती टाइप होईना.

"अहो, हे उघड आहे!" बाई वैतागायच्या.

"मला नाही उघड. मग वॉर्डातून दमून आलेल्या बाईला कसं असेल?"

पुस्तिका जाड होत गेल्या. मला आधी हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

वर्षाने पत्र आलं. अक्षर ओळखीचं. ना आभार, ना खुशाली. "पान एकोणीस, ओळ चौथी. चिन्ह उलटं पडलं आहे. तीनदा ताडून पाहिलं. चूक तुमचीच आहे."

एक अक्षर चुकलं तर दिवसभर धुसफुसणारे आमचे काका डोळे पुसत घरभर सांगत सुटले, "अगं, ऐकलंस का? चूक माझीच आहे म्हणतेय!"