काळ्या कणांची कुपी

संशोधक बाईंनी कुपीला चुंबक लावलं, तसे आतले काळे कण काचेकडे सरकले. गाळातले जिवाणू हे चुंबकीय कण स्वतःच्या पेशीत घडवतात, गढूळ पाण्यात खालची दिशा कळावी म्हणून. कॅन्सरच्या गाठीत सोडून बाहेरून तापवले की गाठ जळावी, ही आशा आपली. जिवाणूला तिची खबर नाही.

“आमच्या हिला कधी देता?” बातमी वाचून आलेल्या काकांनी विचारलं.

“अजून उंदरांवरच चाललंय, काका. वर्षं लागतील.”

“मग उंदीरच व्हायला हवं होतं तिनं.”

गाठीला वाढायला महिने पुरतात.

बाहेर बाकावर त्यांची बायको भर उन्हात शाल पांघरून बसली होती. “काय म्हणाल्या बाई?”

“नाव लिहून घेतलंय. नंबर लागला की कळवतील.”